थकलेल्या ठशाचा रुपया

परवा काल्हेरच्या नाक्यावर एका भाजीवालीला मी दहाचं नाणं दिलं, तर तिने ते बोटाने परत माझ्याकडे सरकवलं. "मावशी, हे चालत नाय. नोट द्या, नायतर स्कॅन करा." मी म्हटलं, अगं बाई, हे सरकारने पाडलंय, मी घरी नाही पाडलं. ती हसली, पण नाणं काही घेईना. मग मीही हट्टाला पेटले. चष्मा कपाळावर चढवला, नाणं डोळ्यांजवळ धरलं, काठ बघितला, अक्षरं बघितली आणि भर नाक्यावर तिला सांगितलं की हे खोटं नाही, याची डाय थकलेली आहे, म्हणून आकडा असा सुजल्यासारखा दिसतोय. तिला वाटलं असेल, म्हातारी बरळतेय. मागे टेम्पोवाला हॉर्न मारून मारून बेजार करत होता. मी नाणं पर्समध्ये टाकलं, भेंडी तिथेच ठेवली आणि घरी आले. चाळीसहून जास्त वर्षांत मी हा शब्द कुणासमोर उच्चारला नव्हता. घरी येऊन पंख्याखाली बसले तरी घाम थांबेना. तेव्हाच ठरवलं, हे प्रकरण आता लिहून टाकायचं. इतकी वर्षं टाळलं तेवढं पुरे झालं.

थकलेली डाय हा बाबांचा शब्द. आमचं घर अंजूरला, खाडीकडच्या आळीत. बाबा रोज सायकलवरून भिवंडीला जायचे, एका वर्कशॉपात प्रेसवर ड्युटी होती. लूमला, म्हणजे यंत्रमागाला लागणारे पत्र्याचे बारीकसारीक भाग तिथे ठोकून निघायचे. पोलादाचा ठसा म्हणजे डाय. ती पत्र्यावर आपटली की पत्रा तिचा आकार घेतो. डाय नवी असली की तुकडा असा धारदार निघतो की बोट कापेल. हजारो ठोके खाल्ले की तिच्या कडा गोल पडतात, आणि मग तुकडेही मऊ, गुळगुळीत, अर्धवट निघायला लागतात. शेठ म्हणायचा, चालतंय, चालव अजून महिनाभर. बाबांना ते चालायचं नाही. संध्याकाळी घरी आल्यावरही ते चिडलेले असायचे. "लोखंड असलं म्हनून काय झालं? त्याला बी थकवा येतो. त्याला कोन इचारतो?" असं भाकरी मोडता मोडता बोलायचे. आई म्हणायची, आधी जेवा, मग लोखंडाची काळजी करा.

आई भिवंडीच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची. बोंबील, जवळा, सुकट, कधी वाकट्या. दिवस मावळायच्या आधी ती परत आली की पहिल्यांदा हातपाय धुवायची, मग कमरेची पिशवी सोडून सुपात उपडी करायची. त्या नाण्यांना सुकटीचा वास असायचा. अजूनही कुठे सुकट भाजत असली की मला आधी सुपात पडणाऱ्या नाण्यांचा आवाज ऐकू येतो, भूक मागून लागते. आईला त्यातलं मोजून उद्याच्या मालासाठी वेगळं ठेवायचं असायचं. पण त्याआधी सूप बाबांच्या पुढ्यात जायचं. बाबा ओटीवर, जिथे उजेड चांगला यायचा तिथे, मांडी घालून बसायचे आणि एकेक नाणं हातात घेऊन बघायचे. मी त्यांच्या गुडघ्याला टेकून.

"आधी काठ बघायचा, बाय. थोबाड मागून," ते सांगायचे. लोकांना वाटतं नाणं पुसट दिसलं की ते वापरून झिजलं, नाहीतर खोटं आहे. दोन्ही नेहमी खरं नसतं. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याचा काठही झिजतो, कारण सगळ्यात आधी काठच घासला जातो. पण काठ कोरा करकरीत आणि आतली अक्षरं मात्र फुगलेली, एकमेकांत गेलेली, सिंहांची तोंडं सपाट, असं असेल तर ते नाणं जन्मतःच तसं आहे. टांकसाळीतली डाय थकली होती, आणि तरी कोणीतरी म्हणालं असेल, चालतंय, चालव. अशा नाण्याच्या मोकळ्या जागेवर तिरपा उजेड पाडला की मधून काठाकडे ओढल्यासारख्या बारीक बारीक रेघा दिसतात. आणि डायला तडा गेला असेल तर नाण्यावर रेघ उठते, खोल नाही, वर आलेली, नखाला लागणारी. तडा जसा वाढत जातो तशी पुढच्या नाण्यांवरची रेघ लांबत जाते. हे सगळं बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. ते प्रेसवर उभे राहून त्यांना कळलं होतं.

बाजारात अशा नाण्यांना कुणी हात लावायचं नाही, खोटं म्हणून परत करायचे, आणि आईच्या गळ्यात ती हमखास पडायची. ती वैतागायची. बाबा मात्र खूश. एका बिस्किटाच्या डब्यात ती जमा व्हायची. मी शाळेत काही फार हुशार नव्हते. गणितात तर आनंदच होता. पण सुपातून थकलेल्या डायचं नाणं हुडकण्यात मी बाबांच्याही पुढे गेले होते. ते माझ्या तळहातावरून उचलायचे, उजेडाकडे धरायचे, आणि खूश होऊन "ह्या!" म्हणायचे. नुसतं "ह्या!" बाबा फार बोलणारे नव्हते. त्या एका शब्दासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंही.

आता तारा आत्याबद्दल. ती बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरात राहायची. माझी आजी पाच-सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं हगणंमुतणं आत्याने काढलं, आणि त्यात तिचं लग्नाचं वय निघून गेलं. आजी गेली तेव्हा आत्या तिशीला आली होती. त्या काळी तीस म्हणजे लोक आशा सोडायचे. आत्या उंच, सावळी, चालायची झपझप, बोलायची मोठ्याने, हसायची त्याहून मोठ्याने. तिच्या हातचं वालाचं बिरडं खाऊन आळीतल्या बायका वाटी घेऊन परत यायच्या. खाडीला ओहोटी लागली की ती मला घेऊन चिखलात निवट्या नावाचे उड्या मारणारे मासे पकडायला जायची. गुडघाभर चिखलात उभी राहून ती मला हाक मारायची, "सुमे, धर गो, पलाला!" आणि मी पडायचे. निवटी जायची ती जायचीच. घरात माझी आई होती, पण माझे केस आत्या विंचरायची, ताप आला तर उशाशी आत्या बसायची. आई बाजारात असायची, दोष कुणाचा नाही.

त्या वर्षी मानकोलीहून तिला स्थळ आलं. मुलगा काशिनाथ, रेतीच्या होडीवर काम करायचा, वय चौतीस, शांत. त्याची आई जनाबाय स्वतः बघायला आली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी ताठ बसायची. तिने आत्याला काही प्रश्नच विचारले नाहीत. म्हणाली, "हिने आईचं सगलं केलं ना? बस. मना आनिक काय नको." आत्या आत येऊन चुलीपुढे बसली आणि पदर तोंडात धरून रडली. मी घाबरले. आई म्हणाली, अगं खुळे, ही आनंदाने रडतेय.

पानसुपारीच्या, म्हणजे लग्न पक्कं करायच्या दिवशी जनाबायने आत्याची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड आणि एक रुपया. रुपया ठेवताना तिने सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा रुपया माज्या मोठ्या सुनेच्या ओटीत व्हता. तिचं सगलं बरं झालं. आता हिच्या ओटीत. लगनाच्या आठ दिस आधी मी येईन, तवा हलकुंडासंगं पिवल्या फडक्यात बांधीन. तवर त्याला कोनी हात लावायचा नाय." ही त्यांच्या घरची रीत होती. दुसऱ्या कुणाकडे मी अशी रीत ऐकली नाही. बायकांनी माना हलवल्या. मी आत्याच्या मांडीजवळ बसले होते, आणि मी त्या रुपयाकडे बघत होते. काठ स्वच्छ. आणि सिंहांना तोंडंच नव्हती.

ओटीचं सामान देवाच्या फळीवर एका टोपलीत ठेवलं होतं. चार दिवस मी त्या फळीखालून जाता-येता वर बघायचे. पाचव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं, म्हणजे मला तसं वाटलं. मी पाटावर चढले, नारळ बाजूला केला आणि रुपया उचलून दारातल्या उन्हात नेला. देवा रे देवा! अक्षरं फुगून काठाला चिकटलेली, मोकळ्या जागेत नुसत्या रेघाच रेघा, आणि सिंहांच्या पायापासून थेट काठापर्यंत एक उठलेला तडा. असा नमुना डब्यात एकही नव्हता. माझ्याकडे दिवाळीला मामाने दिलेला एक कोरा रुपया होता. तो मी त्या जागी ठेवला आणि नारळ पुन्हा नीट बसवला. मला वाटलं, मी चोरी करत नाहीये. रुपयाला रुपया. उलट आत्याच्या ओटीत त्या घाणेरड्या रुपयाऐवजी चांगला, झळझळीत रुपया गेला. हात लावायचा नाही असं सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं. पण ते मोठ्या बायकांचं बोलणं, त्यात माझा काय संबंध! बारा वर्षांची घोडी होते, अगदीच कुक्कुलं बाळ नव्हते, हेही इथेच सांगून टाकते.

संध्याकाळी मी तो रुपया आईच्या सुपात हळूच सोडला आणि मग मीच तो हुडकल्यासारखं केलं. बाबांनी तो उजेडाकडे धरला. खूप वेळ धरला. "ह्या!" म्हणाले, मग परत "ह्या!" मग आत जाऊन डबा आणला आणि त्यातून दुसरा एक रुपया काढून दोन्ही शेजारी धरले. "बघ, सुमे. एकाच डायचे हायत दोगं. यात तडा निम्म्यावर हाय, आनि तुज्यात काठाला पोचलाय. हा मागून पाडलेला. अगदी शेवटच्या घटकेचा. याच्यानंतर ती डाय फुटलीच असनार." माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. मला त्या रात्री आनंदाने झोप नाही लागली, आणि याचं मला आज जेवढं वाईट वाटतं तेवढं रुपया उचलल्याचंही वाटत नाही.

लग्नाला आठ दिवस राहिले तशी जनाबाय आली. बरोबर तिची एक जाऊ. आईने त्या दिवशी बाजार बुडवला होता, बाबा ड्युटीवर होते. चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, खीर. अंगणात मांडवासाठी बांबू येऊन पडले होते. जनाबायने आधी पिवळं फडकं काढलं आणि टोपली मागितली. आत्याने ती तिच्या पुढ्यात ठेवली. म्हातारीने चाचपून हळकुंड घेतलं, मग रुपया घेतला आणि अंगठा त्याच्यावरून फिरवला. फिरवला, थांबली, परत फिरवला. नाणं उलटं करून फिरवला.

"माजा नाय हा," ती म्हणाली.

आई हसली. म्हणाली, आहो विहीणबाय, रुपये सगळे सारखेच. जनाबाय म्हणाली, "सारके असतील. माज्या रुपयावं एक रेघ हाय. सात वर्सं माज्या अंगठ्याखाली हाय ती. हा गुलगुलीत हाय." सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला वाटलं आता आत्या म्हणेल, मला माहीत नाही, आणि मग सगळे शोधायला लागतील, आणि मग.

आत्या म्हणाली, "खरचला मी. मीठ आनायला सुट्टं नव्हतं. मागून दुसरा ठेवला."

म्हातारी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने रुपया टोपलीत ठेवला, फडक्याची घडी घातली. "मना रुपयाचं काय नाय," ती म्हणाली. "ठेवलेल्या वस्तूला हात लावायचा नाय, एवढंच सांगितलेलं. तेवढं जर राहत नसंल, तर उद्या माज्या घरची चावी मी कुनाच्या कमरेला लावू?" आई तिच्या पाया पडली. आत्या उभीच राहिली, भिंतीला टेकून. जनाबाय जाऊचा हात धरून उठली आणि निघून गेली. न जेवता. चिंबोऱ्यांचं ते पातेलं तसंच राहिलं.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते मला सांगता येतं, कारण ते मी जन्मभर पुन्हा पुन्हा जगतेय. आईने आत्याला नाही नाही ते बोलून घेतलं. मिठाला सुट्टं नव्हतं तर माझ्याकडे मागायचं, शेजारी मागायचं, देवाच्या फळीवर कशाला हात घातलास, तुझं डोकं फिरलं होतं का. आत्या एका शब्दाने उलट बोलली नाही. बाबा ड्युटीवरून आले की अंगणातल्या बांबूंवर बसून राहायचे. मी शाळेत जायचे, यायचे. आत्या मला वाढायची आणि मी जेवायचे. हो, जेवायचे. घास उतरत नव्हता असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण घास उतरत होता. मी मनात म्हणायचे, आज संध्याकाळी सांगते. संध्याकाळी म्हणायचे, उद्या. मार बसेल म्हणून नव्हते भीत, बाबांनी मला कधी मारलं नव्हतं. मला वाटायचं, एकदा सांगितलं की बाबा पुन्हा माझ्या हातातलं नाणं घेऊन "ह्या!" म्हणणार नाहीत. एवढ्यासाठी. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा ड्युटीला निघाले होते. सायकलची घोडी काढली होती. मी मागून जाऊन त्यांचा शर्ट धरला आणि सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सायकल परत घोडीवर लावली, घरात जाऊन डबा आणला, मला कॅरिअरवर बसवलं आणि मानकोलीचा रस्ता धरला. बाबांनी ड्युटी चुकवल्याचं मी तोवर बघितलं नव्हतं. तेव्हा त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना शेतं होती. आज तिथे गोडाउनं आहेत आणि कंटेनरची रांग. मला कुणी तिथून नेलं तर मी खिडकीबाहेर बघत नाही. मांडीवरच्या डब्यातली नाणी प्रत्येक खड्ड्याला खळखळत होती.

जनाबाय ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. काशिनाथ अंगणात जाळ्याची दोरी वळत होता. बाबांनी चपला काढल्या, परात मागितली आणि डबा परातीत ओतला. "आय, यातला एक तुमचा हाय," ते म्हणाले. "तारीने नाय खरचला. या पोरीने उचलला. हिला असली नानी बघायचा नाद. नाद मीच लावला." मी पुढे होऊन तड्याचा रुपया शोधायला लागले, पण तिने माझा हात बाजूला केला. ती एकेक रुपया घ्यायची, अंगठा फिरवायची, बाजूला ठेवायची. एकावर ती थांबली. मग मान हलवून तोही बाजूला टाकला. तो निम्म्या तड्याचा होता. पुढचे पाच-सहा गेले, आणि मग तिच्या हातात तो आला. अंगठा काठापर्यंत गेला. तिचा चेहरा बदलला.

"हाच," ती म्हणाली.

बाबांना तिथेही राहवलं नाही. त्यांनी निम्म्या तड्याचा उचलला आणि म्हणाले, हे दोगं एकाच डायचे, तुमचा मागून पाडलेला. ती म्हणाली, "भाऊ, मना त्यातलं काय कलत नाय. माज्या अंगठ्याला कलतं." मग तिने तोंड माझ्याकडे वळवलं. पांढरट डोळे, पण मला वाटलं, ती मला आरपार बघतेय. "मी आलते तवा तू तितंच व्हतीस ना गो?" मी हो म्हटलं. "मंग तवाच का नाय बोल्लीस?" मी परातीतल्या नाण्यांकडे बघत राहिले. तिने रुपया मुठीत घट्ट धरला. मग बाबांना म्हणाली, "काल सांजच्याला आमी खारबावला दुसऱ्या पोरीसाठी शब्द देऊन आलो. नारल दिला. काल दुपारपतूर आला असतात तरी चाललं असतं."

बाबांनी हात जोडले. म्हणाले, आय, माझ्या बहिणीची काही चूक नाही, वाटल्यास मी खारबावला जाऊन पाया पडतो. जनाबाय रडत होती. आवाज न करता, नुसतं पाणी गालांवरून वाहत होतं. "मी शब्द फिरवला तर त्या पोरीचं काय व्हईल? तिला बी लोक इचारतील, तुज्यात काय खोट निगाली. एकीचं झालं ते झालं, दुसरीचं नको." तिने रुपया कमरेच्या पिशवीत ठेवला. काशिनाथ दोरी हातात तशीच धरून उभा होता. आम्ही निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत आला. बाबांना म्हणाला, "तारीला सांगा..." आणि काय सांगायचं ते त्याला सुचलं नाही. परत फिरला.

घरी आल्यावर बाबांनी आत्याला सगळं सांगितलं. ती विळीवर वांगी चिरत होती. ऐकताना हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, "बरं." आणि मग, "पोरीला मारलंबिरलं नाय ना?" बाबांनी मान हलवली. त्या संध्याकाळी त्यांनी डबा आईच्या सुपात रिकामा केला. "बाजारात चालव हे." आई म्हणाली, कोण घेणार? बाबा म्हणाले, घेतील तेवढे घेतील. त्यानंतर आई आली, पिशवी उपडी केली, की बाबा उठून बाहेर जायचे. मला ते पुढे वर्कशॉपच्या गोष्टीही सांगायचे, माझ्या लग्नात ढसाढसा रडले, माझ्यावर त्यांनी कधी राग धरला नाही. पण नाण्याचा विषय ते मरेपर्यंत आमच्या दोघांत निघाला नाही.

आत्याला पुढे दोन बिजवरांची स्थळं आली. तिने नाही म्हटलं. भिवंडीत एका कारखान्यात ती कांड्या भरायला जायला लागली, लूमला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायचं काम. तीसेक वर्षं केलं. त्या खटखटाटात तिचे कान गेले, म्हणजे एक पुरता गेला आणि एक अर्धा. बाबा आणि आई गेल्यावर मी तिला माझ्याकडे काल्हेरला आणलं. लोक म्हणतात, भाची असावी तर अशी. मी ऐकून घेते. त्यांना काय सांगू?

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मला वाटलं, हिला न विचारता हे छापायला द्यायचं म्हणजे दुसऱ्यांदा तिच्या टोपलीत हात घालणं. म्हणून काल दुपारी जेवणं झाल्यावर मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले आणि सगळं वाचून दाखवलं. मोठ्याने, जवळजवळ ओरडत. शेजारच्या फ्लॅटवाल्यांनीही ऐकलं असणार. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून ऐकत होती. भेंडीवालीशी मी भांडले तिथे हसली. जनाबाय उठून गेली तिथे डोळे मिटले. मी थांबले. म्हटलं, आत्या, काही चुकलंय का?

"मी बगितलेलं तुला," ती म्हणाली.

मला कळेना. ती म्हणाली, "तू पाटावर चढलीस तवा. मी मागच्या पडवीत व्हते, लाकडं रचत. फटीतनं बगत व्हते. तू उन्हात नेऊन बगत व्हतीस, आनि इतकी खूश झालेलीस. मी म्हटलं, घेतेय तर घेऊं दे. लगनाआधी सांगून परत ठेवून घेऊ. मंग कामाच्या रगाड्यात मीच इसरले."

"आणि जनाबाय आली तेव्हा? मीठ आणलं म्हणून का सांगितलंस?"

"भरल्या घरात तुजं नाव घेतलं असतं तर गावभर चोर झाली असतीस. तुजं बी पुढं लगीन व्हायचं व्हतं. मना वाटलं, आता नाय तर सांजच्याला ही आपन होऊन बोलेल. भावाला तरी बोलेल. मंग तो जाऊन मिटवेल." तिने लांब केलेले पाय जवळ घेतले. "सांज झाली. दुसरा दिस गेला. तुला वाढताना मी तुज्या तोंडाकडं बगायचे. म्हनायचे, आता बोलेल. ही भाकर खाऊन झाली की बोलेल."

माझ्या हातातली वही खाली पडली. मी तिला विचारलं, आत्या, तुला राग नाही आला माझा?

"आला ना," ती म्हणाली. "अजून हाय. जाईल कसा? पन तू रोज समोर असतेस, औषध देतेस, केस विंचरतेस. रोज कुनी कसा काडायचा राग?"

तिच्या तोंडून हे ऐकायला मला सगळा जन्म लागला. मी पुष्कळ रडले, तिने रडू दिलं, उगी म्हणाली नाही. मग मी वही उचलली, तिथेच तिच्या पायांशी बसून ती जे बोलली ते जसंच्या तसं उतरवलं, आणि तिला पुन्हा वाचून दाखवलं. रागाचं वाक्यही वाचलं, गाळलं नाही. तिने कान पुढे करून शेवटपर्यंत ऐकलं.

"आता बरोबर हाय," ती म्हणाली. "दे छापायला."